मूळपुरुष : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग

(देवळाच्या जीर्णोद्धारानिमित्त नागपूर येथे सदर भागात गावकरी व देणगीदार मंडळींपुढे झालेले भाषण)



देवळाचे काम आता संपत आले. शिखराला रंग लागला, सभामंडपाची फरशी बसली, गाभाऱ्याची जुनी चौकट न काढता तिलाच तेलपाणी झाले. देणगीदारांच्या नावांची पाटी कोणत्या भिंतीला लावायची तेही ठरले. राहिला तो एकच दगड. सभामंडपात शिरताना डाव्या हाताला हात-दीड हात रुंदीचा काळा दगड बसवून ठेवला आहे. वरच्या ओळीत 'मूळपुरुष' हा शब्द कोरायचा, हे एकमताने ठरले. आणि खालच्या ओळीशी येऊन कारागिराची छिन्नी थांबली. खाली नाव कुणाचे?

मालगुजारीच्या काळात ज्यांच्या पणजोबांनी पहिले देऊळ बांधले ते घर म्हणते, नाव आमच्या पुरुषाचे. ज्यांच्या वडिलांच्या वडिलांनी जंगल तोडून पहिली काळी उघडली असे सांगतात त्या घराचे म्हणणे, देवळाच्या आधी गाव होते. देणगीदारांपैकी काहींचे मत असे की, वाद नको, दगडच काढून टाकावा. बोलणे अजून भांडणापर्यंत गेलेले नाही, ही देवाची कृपा. पण गावात दोन बैठका यातच गेल्या आणि तिसरी येथे नागपुरात भरली, कारण गावातली बरीच घरे आता पोटापाण्यासाठी याच शहरात आहेत. तेव्हा खालच्या ओळीचा निकाल लावण्यापूर्वी वरच्या ओळीतला शब्द नीट तपासलेला बरा. शब्दाचा अर्थ उमगला तर निम्मा वाद आपोआप मिटण्यासारखा आहे.

बैठकीची जागाही या कामाला शोभणारी मिळाली. वाड्याच्या पुढच्या सोप्यात जेथे धनी बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकत असे, त्या जागेला 'सदर' म्हणतात. शब्द मूळचा अरबी. अर्थ छाती, पुढचा भाग, मानाची जागा. नागपुरातले सदर हे मात्र वाड्याचे नव्हे. इंग्रजी अमदानीतल्या सदर बाजारावरून ते नाव पडले, आणि जवळच्या रेसिडेन्सी रोडच्या नावात इंग्रज रेसिडेंटाची आठवणही शिल्लक आहे. कागदपत्रांत तोच शब्द 'सदरहू' म्हणून येतो, म्हणजे वर सांगितलेला. 'सदरहू इसम', 'सदरहू शेत'. प्रश्न एवढाच की सदरहू मूळपुरुष कोण!

'मूळ' हा शब्द मराठीत फार खोल गेला आहे. झाडाचे मूळ, नदीचे मूळ, व्याधीचे मूळ, आणि भांडणाचे मूळ. पूर्वी सासरी असलेल्या लेकीला न्यायला किंवा कार्याला बोलवायला माहेरचा माणूस येई, तेव्हाही 'मूळ आले' असे म्हणत. आजीच्या पिढीतल्या बायकांना हा अर्थ ठाऊक आहे. नातवंडांना सांगावा लागेल. 'पुरुष' या शब्दाचा अर्थही येथे केवळ बाप्या माणूस एवढा नाही. वंश मोजताना जुन्या ग्रंथांत आणि वतनाच्या कागदांत 'पुरुष' म्हणजे एक पिढी. सात पुरुष म्हणजे सात पिढ्या. त्यामुळे 'मूळपुरुष' याचा नेमका अर्थ 'मोजणीतली पहिली पिढी' असा होतो. जगातला पहिला माणूस किंवा त्या घराण्यात जन्मलेला पहिला माणूस असा तो होत नाही, कारण मूळपुरुषालाही बाप होता आणि त्या बापालाही बाप होता. मोजणाऱ्याने जेथे बोट ठेवून 'एक' म्हटले, तो मूळपुरुष.

हे ध्यानात घेतले म्हणजे शेजारचे शब्द वेगळे काढणे सोपे जाते. आधी होऊन गेलेले सगळेच पूर्वज. ज्यांना श्राद्धात पाणी दिले जाते ते पितर. कुलदैवत हा देव आहे. त्याला मूळपुरुषाच्या पंक्तीला बसवणे चूक. आदिपुरुष हे विशेषण भक्तिसंप्रदायात परमेश्वराला लावतात. ते माणसाच्या नावापुढे लावताना जरा विचार करावा. आणि संस्थापक म्हणजे ज्याने राज्य, संस्था, देऊळ किंवा पेढी उभी केली तो. हा शेवटचा भेद या वादात सर्वांत महत्त्वाचा आहे. नागपूरकर भोसल्यांचे उदाहरण घरचेच आहे. नागपूरच्या भोसले राज्याचे संस्थापक म्हणून पहिल्या रघुजीराजांचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. त्यांचे निधन १७५५ साली झाले. पण त्यांच्या आधी परसोजी आणि कान्होजी हे त्याच घराण्यातले सेनासाहेबसुभे होऊन गेले, आणि घराणे स्वतःला हिंगणीकर म्हणवते ते पुण्याकडील हिंगणी गावावरून. म्हणजे राज्याचा संस्थापक एक आणि घराण्याचा मूळपुरुष दुसरा. दोघांत कमी-जास्त कोणी नाही. दोन वेगळ्या गोष्टींची सुरुवात आहे.

आता कोणी विचारील, मूळपुरुषाचे स्मरण श्राद्धात होतेच की, मग वेगळा दगड कशाला? येथे शास्त्राची रीत पाहण्यासारखी आहे. श्राद्धात नाव आणि गोत्र उच्चारून पिंड दिला जातो तो बाप, आजा आणि पणजा या तिघांना. त्यांना अनुक्रमे वसु, रुद्र आणि आदित्य यांच्या रूपात पाहतात. पणज्याच्या वरचा पुरुष नावाने पिंडाचा धनी राहत नाही. म्हणजे दहा-बारा पिढ्यांपूर्वीचा जो मूळपुरुष, तो श्राद्धाच्या पल्ल्याबाहेर गेलेला असतो. वैदर्भी घरांत अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेली मातीची घागर मांडून आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य पितरांना दाखवतात. त्या दिवशीही घरातल्या म्हातारीला नावे विचारली तर चौथ्या पिढीला ती अडते. माणसाची आठवण तीन पिढ्यांवर दमते, हे शास्त्रकारांनाही कळले होते असे दिसते. म्हणून ज्याला त्यापुढे आठवायचे त्याच्यासाठी लोकांनी दुसरे उपाय शोधले. देव्हाऱ्यात टाक ठेवले, शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला दगड ठेवला, वहीत नाव लिहिले, देवळाच्या आवारात घुमटी बांधली.

धर्मशास्त्रात या पहिल्या पुरुषाला 'कूटस्थ' म्हणतात. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानली गेली. तिच्या परंपरेत सोयरीक जुळवताना वधूवरांच्या दोन्ही शाखा ज्या एका पुरुषापाशी मिळतात तेथून पिढ्या मोजायच्या, बापाकडून सात आणि आईकडून पाच. हा कूटस्थ सोयरिकीगणिक बदलतो. एका स्थळासाठी तो पाच पिढ्या वर सापडेल, दुसऱ्यासाठी सापडणारच नाही. म्हणजे शास्त्रातही हे पद एका माणसाला कायमचे दिलेले नाही. मोजणी कशासाठी चालली आहे, त्यावर ते ठरते.

याचा फार जुना आणि फार सुंदर दाखला नागपूरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन असे विद्वान मानतात. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी येथे प्रभावतीगुप्ता राज्य पाहत होती. ती मगधाच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, मुलगा दिवाकरसेन लहान, म्हणून कारभार तिच्या हाती आला. कार्तिक शुद्ध द्वादशीला तिने एका आचार्यांना गाव दान दिले, त्याचा ताम्रपट पुण्याला सापडला म्हणून तो पुणे ताम्रपट या नावाने ओळखतात. दानपत्राच्या आरंभी वंशावळ देण्याची रीत असे. या बाईने ती दिली, पण सासरची न देता माहेरची, गुप्तांची दिली. आणि त्यात गुप्तांचा पहिला राजा म्हणून तिने घटोत्कचाचे नाव घातले. गुप्तांच्या घरच्या लेखांत मात्र मोजणी घटोत्कचाचा बाप महाराज श्रीगुप्त याच्यापासून सुरू होते. लेकीने एक पिढी खालून सुरुवात केली, बापाच्या घरात ती एक पिढी वरून केली जाई.

वाकाटकांचेही तसेच. नंदिवर्धनच्या शाखेचे ताम्रपट पहिल्या प्रवरसेनापासून नावे मोजतात. त्याने मोठे यज्ञ केले, सम्राट ही पदवी घेतली. पण अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वराहदेव या मंत्र्याने जो लेख कोरवला, तो विंध्यशक्तीपासून सुरू होतो. मूळपुरुष दोन, वंश एक. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे सारे लेख एकत्र करून १९६३ साली प्रसिद्ध केले, म्हणून आज हे कोणालाही ताडून पाहता येते. ज्या विदर्भात राजांच्या दरबारी सुद्धा 'एक' कोठून म्हणायचे यावर एकमत नव्हते, तेथे एका खेड्यातल्या दोन घरांचे एकमत झाले नाही तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

नागपूर शहराची गोष्ट घ्या. देवगडचे गोंड राजे बख्त बुलंदशहा यांनी १७०२ साली शहर वसवले. राजापूर बारसा म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी एकत्र करून त्यांनी हे नगर उभे केले. पुढे चांद सुलतानांनी राजधानी येथे आणली, कोट बांधला. शहराचे संस्थापक म्हणून बख्त बुलंदशहांचे नाव घेणे यथार्थच आहे, आणि ते अधिक मोठ्याने घेतले पाहिजे. पण बारा खेडी जोडली म्हणजे बारा खेडी आधी होती. त्या प्रत्येकात कोणी तरी पहिली झोपडी घातली असेल, पहिली विहीर खणली असेल. त्यांची नावे कुठेच नाहीत. नाव तर त्याहून जुने. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट सापडला. तो शके ८६२ चा, म्हणजे इ. स. ९४० चा. त्यात नंदिवर्धनाच्या जोडीने नागपूरचे नाव आले आहे. बख्त बुलंदशहांच्या साडेसातशे वर्षे आधीचे. 'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये' असे म्हणतात, त्याचा अर्थ ते वाईट निघते असा करण्याची चाल आहे. खरे पाहता तो अर्थ एवढाच असावा की शोधत गेले तर ते वर वर सरकतच जाते.

देवळाच्या आवारात मूळपुरुषाला जागा देण्याची चाल सर्वांत ठळक दिसते ती गोव्यात. तेथे मुख्य देवाच्या भोवती परिवारदेवता असतात, त्यांत ग्रामपुरुष आणि मूळपुरुष यांची स्थाने असतात आणि उत्सवात त्यांचा मान राखला जातो. कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेकडे कौशिक गोत्री लोमशर्मा यांचे स्थान मूळपुरुष म्हणून पुजले जाते. मंगेशीला मूळकेश्वराचे स्थान आहे. कथा अशी सांगतात की तो गुराखी होता आणि गाईमागे जाताना लिंगाचा ठाव पहिल्यांदा त्याला लागला. तो कोणाचा पणजोबा म्हणून पुजला जात नाही. देव प्रथम ज्याला दिसला, त्याच्यापासून त्या देवस्थानाची मोजणी सुरू झाली, एवढे त्याला पुरले.

या दोन्ही देवळांची आणखी एक गोष्ट येथे जमलेल्या नागपूरवासी मंडळींनी ऐकण्यासारखी आहे. ही देवस्थाने आज जेथे आहेत तेथली मूळची नव्हेत. शांतादुर्गा केळशीची, मंगेश कुठ्ठाळचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा १५६० नंतरच्या काही वर्षांत महाजनांनी रातोरात देव उचलून नदीपार अंत्रुजात नेले. कवळ्याचे आजचे देऊळ त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या साहाय्याने उभे राहिले. गाव सुटले, जमीन गेली, तरी लोकांनी देवाबरोबर मूळपुरुषाचीही आठवण नेली आणि नव्या जागी त्याला स्थान दिले. ज्याने केळशीला वस्ती केली त्याला कवळ्यात दिवा लागतो. मूळपुरुष मातीला बांधलेला नसतो, माणसांबरोबर चालतो. गाव सोडून सदर, गड्डीगोदाम, छावणीत राहणाऱ्या देणगीदाराने 'आता त्या दगडाशी काय संबंध' असे म्हणण्यापूर्वी कवळ्याची ही गोष्ट आठवावी.

कागदावर हा शब्द कसा टिकला, तेही पाहू. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. यात्रेकरूने गाव आणि आडनाव सांगितले की जुनी वही निघते आणि त्यात आजोबांची सही, कधी पणजोबांची, मोडीत. नातवाने खाली आपले नाव घालायचे. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी फिरत, ते घराणेच्या घराणे तोंडपाठ म्हणून दाखवत आणि मोबदल्यात धान्य नेत. विदर्भात भाट येत. भाटाच्या पोथीत मूळपुरुष हमखास राजपुतान्याचा निघतो असा अनुभव पुष्कळांना आहे. ज्याने जास्त धान्य घातले त्याचा मूळपुरुष चितोडगडापर्यंत पोचे, हेही खोटे नाही. तरी मधल्या सहा-सात पिढ्यांची नावे त्या पोथीत बऱ्यापैकी खरी सापडतात. वरचा टोकाचा भाग सोडून द्यावा आणि मधला घ्यावा.

अलीकडे तर हा शब्द तहसील कचेरीत येऊन बसला. जातीच्या दाखल्यासाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. मग ज्या पूर्वजाच्या नावची शाळेची किंवा कोतवाल बुकातली नोंद सापडेल, त्याला वंशावळीच्या माथ्यावर 'मूळपुरुष' म्हणून लिहितात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. ज्या घरांना आजोबांच्या पलीकडे नाव ठाऊक नव्हते त्यांनी चार-चार पिढ्या शोधून काढल्या. कचेरीतला मूळपुरुष म्हणजे ज्याचा कागद सापडला तो. त्याच्या बापाचा कागद सापडला नाही म्हणून तो मूळपुरुष झाला. यात कोणी हसण्यासारखे नाही. प्रभावतीगुप्तेपासून नायब तहसीलदारापर्यंत रीत एकच आहे.

आता अवघड भागाकडे येऊ. एका घराण्याचा मूळपुरुष ठरवणे सोपे, कारण सगळे एका रक्ताचे असतात. गावाचे तसे नाही. गाव एका कुळाचे नसते. 'कूळ' या शब्दाचीच गंमत पाहा. मराठीत कूळ म्हणजे वंश आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरीही. विदर्भासाठी कूळकायदा १९५८ साली झाला, त्याच्या आधी १९५१ मध्ये मालगुजारी संपली. मालगुजाराने देऊळ बांधले हे खरेच. पैसा त्याचा, पुढाकार त्याचा. पण तो पैसा ज्या काळीतून आला ती काळी कुळांनी कसली, आणि देवळाच्या पायाचे दगड ज्यांनी वाहिले त्यांना त्या वेळी गाभाऱ्याच्या जवळही येता येत नव्हते. हे कटू वाटेल, पण देवळाच्या पुस्तिकेत ते लिहिले नाही तर लिहायचे कोठे?

सातपुड्याच्या बाजूला गावाच्या देवाचे करायला भुमका लागे. तो गोंड किंवा कोरकू. नंतर आलेली शेतकरी घरेही पीक-पाण्यासाठी, रोगराईसाठी त्यालाच बोलावत. कारण जमिनीची आणि तिथल्या देवतांची ओळख आधी आलेल्याला जास्त, असा समज. मराठी मुलखात शिवेचा तंटा पडला की महाराच्या साक्षीने सीमा ठरत असे. म्हणजे गावाने स्वतःच, बोलून न दाखवता, मानले होते की पांढरीची खूण त्यांना अधिक ठाऊक आहे. असे असून मूळपुरुषाच्या यादीत त्यांना कोणी धरले नाही.

ज्यांना यादीत धरले नाही त्यांनी आपली मोजणी स्वतः केली. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. तेथे माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांचे तेथे स्मरण होते. जंगो ही बाई आहे, हे ध्यानात ठेवावे. आणि नागपुरातच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूरच का निवडले याचा खुलासा करताना त्यांनी बुद्धाच्या धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा आणि या भूमीचा संबंध सांगितला. लाखो माणसांनी त्या दिवशी आपल्या मोजणीतला 'एक' बदलला. मूळपुरुष या शब्दाचा याहून मोठा वापर या शहराने पाहिलेला नाही.

बायकांचे काय? कुलवृत्तांतांच्या पुस्तकांत मूळपुरुषापासून दहा-बारा पिढ्यांची झाडे काढलेली असतात. जुन्या झाडांत बहुधा एकही बाई नसते. फांदी संपली तर 'निःसंतान' लिहून मोकळे, मग घरात चार मुली का असेनात. कायदा पुढे गेला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मतः हक्क दिला. सातबाऱ्यावर लेकीचे नाव लागते आणि देवळातल्या वंशावळीत लागत नाही, हे फार दिवस चालण्यासारखे नाही. या जीर्णोद्धाराच्या देणग्यांची वही उघडली तर सासरी गेलेल्या लेकींच्या नावापुढच्या रकमा कोणालाही मोजता येतील. त्यांना कोणी मूळ पाठवले नव्हते. त्या आपणहून आल्या.

तर मग दगडावर काय लिहावे? शब्दाचा जो अर्थ वर पाहिला त्यावरून काही गोष्टी सरळ निघतात. ज्या घराने पहिले देऊळ बांधले त्यांच्या पुरुषाचा मान मोठा आहे, पण तो देवालयाच्या संस्थापकाचा मान आहे. त्यांचे नाव गाभाऱ्याच्या चौकटीशेजारी, 'पहिले देऊळ बांधविणारे' अशा स्पष्ट शब्दांत लावावे. जुनी चौकट त्यांचीच आहे, तेथे ते शोभेल. ज्या घराने जंगल तोडले म्हणतात, त्यांच्याकडे भाटाच्या पोथीतली नावे आहेत. ती त्यांच्या कुळाची वंशावळ म्हणून या पुस्तिकेत छापावी, जशी इतर घरांचीही छापावी. देणगीदारांची पाटी आहेच. आणि काळा दगड मात्र काढू नये. तो गावाचा आहे. त्यावर वर 'मूळपुरुष' हा शब्द असावा आणि खाली एकाही माणसाचे नाव न घालता, ज्यांनी ही पांढर वसवली, विहीर खणली, शीव राखली त्या सर्वांना, नावे माहीत असलेल्यांना आणि नसलेल्यांना, अशा अर्थाच्या दोन ओळी असाव्यात. 'मूळपुरुष' या शब्दात स्त्री येते की नाही अशी शंका एका भगिनीने मागच्या बैठकीत काढली होती. ती रास्त आहे. खालच्या ओळीत 'स्त्री-पुरुषांना' असे स्वच्छ लिहिले की ती मिटते.

काही मंडळी म्हणतील, नाव नसलेल्या दगडाला कोण हात जोडील? पारावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाला गावातली तीन पिढ्यांची माणसे हात जोडत आली आहेत, आणि त्यावर एक अक्षर नाही.

कुळांच्या वंशावळी छापायच्या तर त्या हाती आल्या पाहिजेत. प्रत्येक घराने आपल्याला ठाऊक असतील तेवढ्या पिढ्या लिहून द्याव्यात. लेकी-सुनांची नावे, त्यांच्या माहेरच्या गावासह, त्यात असावीत. ठाऊक नसेल तेथे जागा कोरी सोडावी, भाटाची भर घालू नये. घरात ऐंशीच्या पुढची आजी-आजोबा असतील त्यांच्यापाशी आधी बसावे, कागद मग शोधावे. गावातल्यांनी पुजाऱ्यांकडे आणि नागपूरकरांनी खजिनदारांकडे अक्षय्य तृतीयेच्या आत कागद पोचते करावेत, म्हणजे छापखान्याला वेळ मिळेल. दगडाच्या मजकुराबद्दल खजिनदारांची एक सूचना आहे : कारागीर अक्षरागणिक मजुरी घेतो, तेव्हा त्या दोन ओळी आटोपशीर असाव्यात.